जावेच्या तेलाचं वर्गीकरण

मला माझ्या धाकट्या जावेचा हेवा वाटतो. हे आधीच लिहून टाकते. मी ज्या नोकरीत आयुष्य काढलं तिथली पद्धतच तशी आहे. रसायनाबरोबर जे सुरक्षेचं माहितीपत्र जातं, ज्याला आम्ही सगळे नुसतं सेफ्टी शीट म्हणतो, त्याच्या पहिल्या भागात नावगाव असतं आणि दुसऱ्याच भागात धोका. गुणगान करायला त्यात जागा नसते. वस्तू वाईटात वाईट काय करू शकते ते सांगायचं, चौकटीत चिन्ह टाकायचं आणि पुढे जायचं.

रोह्याजवळच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी या शीट तयार करते. डास पळवणाऱ्या मलमांत आणि फवाऱ्यांत जे रसायन घालतात ते आमच्याकडे बनतं. डीट म्हणतात त्याला. दिसायला पाण्यासारखं, किंचित पिवळसर. गिळलं तर अपायकारक, त्वचेला दाह, डोळ्यांत गेलं तर चांगलीच जळजळ. लाल किनारीचा, टोकावर उभा केलेला चौकोन, आत उद्गारचिन्ह आणि खाली शब्द ‘सावधान’. याहून वाईट असेल त्याला ‘धोका’ लिहितात. कुणाला सावधान म्हणायचं आणि कुणाला धोका, हे ठरवायचं माझं काम. ते मी चोख करते. एवढ्या वर्षांत माझ्या शीटवर कुणी बोट ठेवलेलं नाही.

घरी मात्र माझं कुणी एवढं ऐकत नाही.

रेवदंड्याच्या अलीकडे आमची नारळी-पोफळीची वाडी आहे. दोघा भावांची वाटणी झाली तेव्हा वाडीच्या मधोमध दगडांचा गडगा घातला, गुडघ्याएवढा. अलीकडे आम्ही, पलीकडे धाकटा दीर आणि जाऊ. मी भल्या सकाळी कंपनीची बस पकडायला निघायचे, ती दिवेलागणीला परत. नवरा अलिबागला कचेरीत. मग आमची एकुलती एक मुलगी वाढणार कुठे? गडग्यापलीकडे. वेण्या तिकडे, डबा तिकडचा, पाढे तिकडे, ताप आला की कपाळावर घड्या घालणारा हात तिकडचा. मुलगी मोठी झाली त्या दिवशीसुद्धा ती काकूच्याच माजघरात होती. मला संध्याकाळी बातमी मिळाली, तीही जावेकडून, सोबत खिरीची वाटी. खीर छान झाली होती. इतकी छान, की माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

जावेचे दोन्ही मुलगे पुण्याला नोकरीला आहेत. मुलगी तिला नाही. म्हणजे होती, माझी.

जाऊ वाईट असती तर माझं काम सोपं झालं असतं. ती वाईट नाही. कधी उणा शब्द बोललेली नाही, कधी उपकार मोजून दाखवलेले नाहीत. मी दमून आले की गडग्यावरून हाक यायची, “वहिनी, भात टाकू नका हो, आमच्याकडे जास्तीचा झालाय.” अशा माणसाचा राग धरायचा म्हणजे किती कष्ट पडतात ते मलाच ठाऊक.

मीही माझ्या परीने मुलीला आपलंसं करायचा प्रयत्न करायचे. ती कॉलेजच्या शिबिराला कर्नाळ्याच्या बाजूला निघाली तेव्हा मी तिला डीटचा फवारा दिला, जोरदार, आमच्याच मालाचा. आईच्या हातचं म्हणून मी दुसरं काय देणार? पोरगी परत आली तर मनगटावरच्या घड्याळाचा प्लॅस्टिकचा पट्टा चिकट होऊन पार खरबरीत झाला होता. डीट काही काही प्लॅस्टिकला विरघळवतं. कपड्यांवर नि चष्म्यावर मारू नको हे मी सांगितलं होतं, घड्याळ राहून गेलं. घड्याळ काकूने वाढदिवसाला दिलेलं होतं. मुलगी रडली. मी दुसरं घेऊन देऊ म्हटलं, मनातून मात्र मला काही वाईट वाटलं नाही.

मग ते वादळ आलं. त्या वादळाने आमच्या किनाऱ्यावरच्या पोफळी काड्यांसारख्या मोडल्या. जावेची निम्मी बाग आडवी झाली. नव्या पोफळीला फळ धरायला वर्षं लागतात, तोवर मोकळ्या झालेल्या जागेत काय करायचं म्हणून तिने सिट्रोनेला लावला. गवती चहाचाच भाऊबंद, पात्या तशाच, वास मात्र उग्र. मी मनात म्हटलं, करू दे. दोन हंगामांत ती पात्या कापून भट्टी लावायला लागली. वाफेतून तेल धरायचं, ते घरच्या खोबरेलात मिसळायचं, बाटलीत भरायचं. संध्याकाळी हातापायांना चोळलं की डास जवळ येत नाहीत. मांडव्याला उतरून आमच्याकडे येणारे मुंबईचे पाहुणे ते हुंगून डोळे मिटायचे आणि म्हणायचे, “वा! एकदम नॅचरल!”

हा शब्द ऐकला की माझ्या नाकाला मिरच्या झोंबतात. धोत्रासुद्धा नॅचरलच आहे. पण हे कुणाला सांगणार? माझ्या हातून जगभर जाणाऱ्या मालाला उद्गारचिन्ह, आणि हिच्या बाटलीवर हिरवं पान नि हसरी बाई.

मुलगी तोवर फार्मसीची पदवी घेऊन घरी आली होती. मी आमच्या कारखान्यात तिच्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. दर्जा तपासणीच्या विभागात जागा होती. माझ्याच बसने यायचं, माझ्याच बसने जायचं. मी तर मनात बसमधल्या जागासुद्धा ठरवून टाकल्या होत्या, तिला खिडकीची. जाऊन-येऊन रोजचे कितीतरी तास फक्त आम्ही दोघी. गेलेली सगळी वर्षं त्या बसमध्ये भरून काढू, असं माझं चाललं होतं. मला माझी मुलगी परत हवी होती, दुसरं काही नाही.

ती म्हणाली, “आई, मी काकूबरोबरच काम करणार आहे. तेलाचं नीट काहीतरी उभं करू आम्ही.”

आम्ही. त्या ‘आम्ही’त मी नव्हते.

काही महिने गेले. मुंबईतल्या एका दुकानदाराने तेल मागितलं, पण त्याने आधी सेफ्टी शीट आणि बाटलीवर नियमाप्रमाणे सूचना हवी म्हणून सांगितलं. मुलगी संध्याकाळी माझ्यासमोर येऊन बसली. कित्येक दिवसांनी इतकी जवळ.

“आई, तूच करून देशील ना? काकू म्हणते, घरात एवढी जाणकार असताना बाहेर कशाला जायचं.”

मी हो म्हटलं. घटकांचा अहवाल मागवला आणि रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर कामाला बसले. त्या सकाळी मला किती उत्साह होता! चहासुद्धा दोनदा गरम करून घेतला.

आमच्या कामात धोका आणि जोखीम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विळी कोपऱ्यात उभी असली तरी ती धारदारच असते, हा धोका. तिच्यावर कोण बसतंय, लक्ष कुठे आहे, यावर जोखीम ठरते. वर्गीकरण करताना फक्त धार बघायची. कापणारी बाई सुगरण आहे, मायाळू आहे, ते बघायचं नाही.

मी धार बघितली. सिट्रोनेलाचं तेल त्वचेला दाह करतं, डोळ्यांना करतं, पाण्यातल्या जिवांना अपाय करतं. आणि ज्याच्यासाठी मी सकाळपासून बसले होते ते वाक्य: त्वचेची ॲलर्जी होऊ शकते. आमच्या डीटच्या शीटमध्ये हे वाक्य नाही. ज्याला सगळे केमिकल म्हणून नाकं मुरडतात त्याला नाही, आणि हिच्या हिरव्या पानाला आहे. खोबरेलात मिसळल्यावर बाकीची काही वाक्यं सौम्य झाली, हे मात्र हटलं नाही. मी पुन्हा तपासलं. तरी हटलं नाही. मी उद्गारचिन्हाची चौकट अगदी मधोमध बसवली आणि ठळक अक्षरांत लिहिलं: सावधान.

त्यात एक शब्द खोटा नव्हता. आजही कुणीही ती शीट घेऊन कुठल्याही तज्ज्ञाकडे जावं.

मुलीने वाचली आणि तिचा चेहरा उतरला. “हे बाटलीवर छापलं तर कोण घेईल?”

“नियम आहे.”

“नियम मलाही कळतो. पण तू लिहिताना हसत होतीस, आई. मी स्वयंपाकघरातून बघत होते.”

मला इतका राग आला! मी म्हटलं, “खरं लिहिलंय की नाही ते बोल. माझ्या तोंडाकडे काय बघतेस?”

ती कागद घेऊन गडगा ओलांडून गेली. मी पडवीत उभी राहून कानोसा घेतला. वाटलं होतं, जाऊ निदान आज तरी चिडेल. एकदा तरी माझ्यावर आवाज चढवेल, म्हणजे मग मलाही चढवता येईल. तिचा आवाज आला तो असा, “वहिनींनी लिहिलंय ना? मग असणारच गो तसं. छापून टाकू या. कुणाला त्रास व्हायला नको.”

छापलं. हिरव्या पानाशेजारी माझं उद्गारचिन्ह. आता दुकानदार माल परत पाठवेल म्हणून मी वाट बघत बसले. त्याने आणखी बाटल्या मागवल्या. गिऱ्हाइकांना म्हणे आवडलं. एवढं स्पष्ट लिहिणारी माणसं प्रामाणिक असणार, असं त्यांचं मत पडलं. जाऊ पेढे घेऊन आली. “वहिनी, तुमच्यामुळे हो!” म्हणून माझ्या पाया पडली. तो पेढा मी कसा गिळला ते मला विचारू नका.

मुलगी माझ्याशी कामापुरतं बोलायची. उन्हाळा सुरू झाला. आमच्याकडचा उन्हाळा म्हणजे नुसता घाम, अंगावर पातळ कपडासुद्धा नको होतो. अशात ती लांब बाह्यांचे कुडते घालून वावरत होती. मी बघत होते. रंग काळवंडू नये म्हणून घालत असेल, अशी मी समजूत करून घेतली. या वयात मुली करतात तसं.

मग एका रविवारी जेवणं उरकत होती, तेवढ्यात जाऊ गडगा ओलांडून आली. एका हाताने तिने माझ्या मुलीचं मनगट धरलं होतं. मुलगी हिसडे देत होती. “सोड ना काकू, काही नाही ते.”

“काही नाही काय? वहिनी, हे बघा हो. भट्टीशी बाही वर सरकली म्हणून मला दिसलं. कधीपासून झाकून फिरतेय बघा.”

तिने बाही वर केली. मनगटापासून कोपराच्या आतपर्यंत लाल चट्टे, त्यावर बारीक पुटकुळ्या, काही खाजवून फुटलेल्या. दुसऱ्या हातावरही तेच. दर नवीन घाणा निघाला की मुलगी तेल आधी स्वतःच्या हाताला लावून बघायची. बाटलीत भरण्यापूर्वी कुणीतरी लावून बघायला हवं ना, म्हणून.

“तेल ठेवता कुठे तुम्ही?” मी विचारलं. ताज्या तेलाने इतक्या लवकर इतकं व्हावं, हे मला पटेना.

“ठेवतो की नीट. चला, दाखवते.”

मी तिच्या परसात गेले. किती वर्षांनी गेले कोण जाणे. सणावाराला ओटीपर्यंत जायचे, मागच्या दारी नाही. बघते तर तुळशीवृंदावनापुढच्या सारवलेल्या अंगणात काचेच्या बरण्या ओळीने उन्हात मांडलेल्या. अर्ध्याअधिक रिकाम्या, तोंडाला पांढरी फडकी बांधलेली. आमच्याकडच्या बायकांचा उन्हावर फार भरवसा. कोकमाची सोलं, फणसाची साठं, गाद्या, लोणचं, सगळ्याला ऊन दाखवायचं. घरी खोबरेल काढलं की तेही असंच बरणीत भरून, फडकं बांधून उन्हात ठेवतात. पाण्याचा अंश उडून जातो, तेल खवट होत नाही, आरशासारखं होतं. सासूबाईंनी आम्हा दोघींना हेच शिकवलेलं. जावेने सिट्रोनेलाच्या तेलालाही तीच माया लावली होती.

पण हे तेल खोबरेलासारखं नाही. त्याला हवा आणि ऊन लागलं की ते आतून बदलतं. वास जवळजवळ तसाच राहतो, फसवतो, पण त्यात नवी द्रव्यं तयार होतात आणि ती मूळ तेलापेक्षाही जास्त ॲलर्जी आणतात. काळी बाटली हवी, काठोकाठ भरलेली, घट्ट बुचाची, थंड अंधाऱ्या जागी. माझ्या शीटच्या साठवणुकीच्या भागात मी लिहिलं होतं: प्रकाश आणि हवेपासून दूर ठेवा. जावेने तेही वाचलं होतं. तिला वाटलं, ते दुकानातल्या बाटल्यांसाठी. घरच्या तेलाला ऊन दाखवायचं नाही, हे तिच्या स्वप्नातसुद्धा येणं शक्य नव्हतं.

मी हे तिला सांगितलं. ती तडक बरणी उचलून पाटात ओतायला निघाली. मी ओरडले, “पाण्यात नको! तिथून विहिरीत जाईल.” ती बरणी छातीशी धरून तशीच उभी राहिली. थोड्या वेळाने तिने आपणहून दुकानदाराला फोन लावला आणि सगळा माल परत पाठवायला सांगितलं. कारण विचारलं तर म्हणाली, “चूक माझी आहे. पोरीच्या हाताला लागलंय.”

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि मुलीला अलिबागला त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासण्या केल्या, पुढे आणखी एक चाचणी करू म्हणाले, पण त्यांना फारशी शंका नव्हती. मलाही नव्हती. चट्टे जातील. ॲलर्जी जाणार नाही. शरीराने एकदा ही गोष्ट लक्षात ठेवली की बहुतेक ती जन्मभराची. त्या तेलाला आता हिने पुन्हा हात लावायचा नाही, भट्टीच्या वाफेतही उभं राहायचं नाही. डॉक्टर बोलत होते आणि मुलगी टेबलाच्या कडेकडे बघत होती. तिला हे सगळं आधीच माहीत होतं. फार्मसी शिकलेली ती.

परतीच्या एसटीत मी तिला खिडकीशी बसवलं. नागाव गेलं, चौल गेलं, ती बाहेरच बघत होती. माझ्या डोक्यात मात्र चक्रं फिरायला लागली होती. कारखान्यातली ती जागा अजून भरलेली नव्हती. मी उद्याच विचारू शकत होते. बोलायची घाई करायची नाही, एवढं मी स्वतःला बजावलं.

संध्याकाळी मी तिला पडवीत बसवून हातांना मलम लावायला घेतलं. तिने लावू दिलं. लहानपणीसुद्धा तिचा हात इतका वेळ माझ्या हातात राहिलेला मला आठवत नव्हता. गडग्यापलीकडे दिवा लागला नव्हता.

“एवढं झालं होतं,” मी शक्य तितक्या मऊ आवाजात म्हटलं, “मला का नाही सांगितलंस गं?”

ती पटकन म्हणाली, “तुला बरं वाटलं असतं.”

माझं बोट तिच्या कोपराशी होतं. नाही म्हणायला हवं होतं, आणि ते ताबडतोब म्हणायला हवं होतं. मी मलमाची नळी पिळली. तिने माझ्याकडे बघितलं, वाट बघितली, आणि मग मान खाली घातली.

“बरं वाटलंच ना?” ती हळू आवाजात म्हणाली. “काल काकूने बाही वर केली तेव्हा. मी तुझ्याच तोंडाकडे बघत होते.”

मी तिच्या दुसऱ्या हाताकडे वळले. तो तिने आपणहून पुढे केला, सगळं मलम लागेपर्यंत धीराने बसली. मग उठून पायांत चपला सरकवल्या.

“कुठे निघालीस? डॉक्टरांनी काय सांगितलंय?”

“तेलाला हात लावायचा नाही, वाफेत उभं राहायचं नाही.” तिने बाह्या नीट खाली ओढल्या. “काकूजवळ बसायचं नाही असं नाही सांगितलं. ती सकाळपासून जेवलेली नाहीये.”